वस्तू तुमची, कट्यार आमची

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी बनवते त्या कट्यारीने काहीही कापलं जात नाही. एका हौशी नवरदेवाने स्वागत समारंभात तिने केक कापून पाहिला होता. केक कापला न जाता दबला, आणि त्याच्या सासूबाई मंचावरच म्हणाल्या, "बाप्पा! हातानं तोडला असता तं बरा तुटला असता." तिला धार नसतेच. आम्ही ती मुद्दाम लावत नाही. पात्याची लांबीही कायद्याला चालेल इतकीच ठेवतो. ती हातात धरायची वस्तू आहे, वापरायची नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं खुलाशाने सांगते. आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडे नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. लग्न लागून काकण सुटेपर्यंत ती त्याने सोडायची नाही. जेवताना मांडीवर, झोपताना उशाशी, आणि हल्ली एका हातात कट्यार तर दुसऱ्या हातात मोबाइल. नजर लागू नये, वारं लागू नये म्हणून. बहुतेक घरी ती भाऊबंदांकडून मागून आणतात. काही जण मंडपवाल्याकडून चमचमते खडे लावलेली भाड्याने घेतात. तिसऱ्या प्रकारचे लोक माझ्याकडे येतात. ते घरातली एखादी जुनी वस्तू आणतात आणि म्हणतात, याची कट्यार करून द्या.

सौसरला आमच्या घरामागे सासऱ्यांचा भाता होता. वखराच्या लोखंडी पासा, कुऱ्हाडी, विळे शेवटायचं, म्हणजे तापवून ठोकून परत धारेला आणायचं काम. ट्रॅक्टर आले तसं ते काम आटलं. माझ्या नवऱ्याने पुढच्या बाजूला गेट-ट्रॉलीचं वेल्डिंग सुरू केलं, आणि धाकटे दीर, रमेश भाऊजी, मागे आगीपाशीच राहिले. त्यांना आगीशिवाय दुसऱ्या कोणाशी फार बोलायला आवडत नाही. त्यामुळे आमची वाटणी सोपी आहे. आग आणि हातोडा त्यांचा. नकाशा, मूठ, म्यान, गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाची कटकट माझी.

भाऊजींच्या मते सगळ्यात अवघड काम हे शेवटचंच आहे. "लोखंड तापलं की वाकते, वहिनी," ते म्हणतात. "माणूस तापला की वाकत नाही."

म्हणून मी भिंतीवर एक पाटी लावली आहे. मराठीत आणि हिंदीत, कारण आमचा मुलूख हिंदी राज्यातला, घरात मराठी आणि शाळेत हिंदी. काय आणावं ते तिच्यावर थोडक्यात आहे, काय आणू नये ते सविस्तर. वखराची पास, जुना विळा, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, ट्रकच्या कमानीचा पाटा, जिनिंगमधल्या करवतीची चकती, हे सगळं चालतं. नळाचा पाइप चालत नाही. त्यावर जस्ताचा थर असतो, तापवला की पांढरा धूर निघतो आणि भाऊजी संध्याकाळी ताप घेऊन झोपतात. सांबराचं शिंग चालत नाही. "आज्याच्या काळचं हाय, तवा कायदा नोता," असं प्रत्येक जण सांगतो. कायदा आजोबांना नव्हता, मला आहे.

आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चालत नाही. हे लोकांच्या पचनी पडत नाही, कारण दिसायला बीड आणि लोखंड सारखंच. पांढुर्ण्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरचा मुलगा आजोबांच्या दुकानातलं पाच किलोचं वजन घेऊन आला होता. मी म्हटलं, हे ओतीव आहे, ठोकलं की तुटेल.

"असं कसं तुटन ताई? माह्या आज्यानं यानं जिंदगीभर कापूस तोलला."

"तोलला. ठोकला नाही."

"तोडून दाखवा मंग."

भाऊजींनी वजन तापवलं, ऐरणीवर ठेवलं आणि एकच घाव घातला. कोपरा बिस्किटासारखा निघून आला. मुलाने तो तुकडा उचलून हातात फिरवला. मला वाटलं आता भांडण होणार. तो हसायला लागला. "आज्या बी असाच होता जी. वाकत नोता. तुटून जाये."

तो तुकडा मी घासून, आरपार भोक पाडून त्याच्या कट्यारीच्या मुठीच्या बुडाला बसवला. पातं दुसऱ्या लोखंडाचं केलं. त्याच्या आजीने ती हातात घेतली तेव्हा वजनाने हात खाली गेला म्हणे, आणि ती म्हणाली, "हो, हेच होतं त्याईचं."

मुठीला आमच्याकडे संत्र्याचं लाकूड मागतात. बाग म्हातारी झाली की काढतात, आणि त्यातल्या एखाद्या झाडाचा बुंधा लोक जपून ठेवतात. लाकूड पिवळसर, बारीक रेघांचं, हाताला गुळगुळीत. पण तापट. उन्हात वाळवलं तर फाटतं. दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत पडू द्यावं लागतं. लग्न ठरल्यावर ओला ओंडका घेऊन येणाऱ्याला मी सरळ सांगते, हे लाकूड तुमच्या मुलाच्या लग्नाला तयार होणार नाही, नातवाच्या बारशाला होईल. म्यानाला आत सागाच्या पातळ फळ्या आणि वर कापड, बहुतेक वेळा आईच्या लग्नातल्या शालूचा काठ. शालू कापायचा म्हटलं की आया आधी नाही म्हणतात. मग स्वतःच कात्री आणून देतात.

आता लिंबाबद्दल. आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं संकट लिंबू आहे. लोधीखेड्याच्या एका घरातली कट्यार सहा-सात महिन्यांनी परत आली. पात्याचं टोक काळं, खड्डे पडलेलं, कुजल्यासारखं. नवरदेवाचे काका तावातावाने म्हणाले, "तुमचं लोखंड सडकं निंगालं बाई." मी म्यान उलटं केलं. आतून चेपलेलं, वाळलेलं, दगडासारखं लिंबू टपकन टेबलावर पडलं.

झालं होतं असं. काकण सुटल्याशिवाय लिंबू काढायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. काकण सुटल्यावर ते कोणी काढायचं, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. करवलीला वाटलं वरमाय काढेल. वरमायला वाटलं करवलीचा मान आहे. नवरदेवाला वाटलं, आपण हात लावला तर आजी ओरडेल. शेवटी कोणीतरी लिंबासकट कट्यार म्यानात कोंबली आणि म्यान कपाटात ठेवलं. इतकी शिस्त पाळून इतकं नुकसान करणं आमच्याच लोकांना जमतं.

तेव्हापासून टोकाला मेण लावून देते, आणि कट्यार देताना एक प्रश्न विचारतेच. लिंबू कोण काढणार? नाव सांगा. हा नियम ऐकून लोक हसतात. मग घरात जाऊन भांडतात. पण नाव घेऊन येतात.

पाटीवरची शेवटची ओळ अशी आहे : जिवंत माणसाची वस्तू असेल तर त्यानेच स्वतः आणावी.

ती ओळ एका आजोबांमुळे आली. त्यांच्या घरच्यांनी त्यांचा अडकित्ता न विचारता माझ्याकडे आणून दिला आणि मला सांगितलं, आजोबांचीच इच्छा आहे. मांडवात नवरदेव आशीर्वाद घ्यायला वाकला आणि आजोबांनी पात्याच्या मुळाशी ठेवलेली अडकित्त्याची नक्षी ओळखली. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "मी मेलो का?" पंगतीला बसले नाहीत. घरच्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला पटतं. पण त्यानंतर मी ओळ लिहून घेतली.

हे इतकं सगळं सांगितलं ते वच्छलाबाईंचं काम नीट समजावं म्हणून.

त्या रामाकोन्याकडच्या. धाकटा मुलगा निलेश याला घेऊन आल्या होत्या. निलेश पांढुर्ण्याला सरकारी कचेरीत नोकरीला, लग्न माघातलं. त्यांनी पदरातून एक रुमाल काढला, रुमालातून एक चाकू. मिटणारा, हाडाच्या मुठीचा. पातं घासून घासून इतकं अरुंद झालेलं की बोरूसारखं दिसत होतं. मुठीच्या मागच्या टोकाला एक चपटी, बोथट जीभ.

"कलमाचा चाकू," मी म्हटलं.

"हो जी," निलेश म्हणाला. "बाबांचा. आमच्याकडच्या अर्ध्या बागा बाबांनी बांधलेल्या हायेत."

संत्रा बी लावून करत नाहीत. जंबेरी नावाचं एक आंबट, खरबरीत सालीचं लिंबू असतं, त्याच्या बियांची रोपं करतात. रोप शिसपेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चीर देतात, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, सालीसकट अलगद सोडवतात, तो त्या चिरेत सरकवतात आणि पट्टीने बांधतात. चाकूची ती बोथट जीभ साल उचलायला. मूळ जंबेरीचं, झाड संत्र्याचं. हे काम ज्याच्या हाताला येतं त्याला गावोगाव बोलावणं असतं.

"याचं पातं कट्यारीच्या पात्यात घाला बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "ठोकून एक करा. पोराच्या हातात बापाची आठवण राहीन."

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "काका कधी गेले?"

दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. "हायेत नं," वच्छलाबाई म्हणाल्या. "घरी हायेत. लकवा झाला त्याईले. उजवा हात गेला."

"मग त्यांना घेऊन या."

"त्याईले कायले आणता? ओट्यावर बसून राह्यतात दिवसभर. चाकू दिसला तं जीव कष्टी होते. म्हणून मीच ठेवून देल्ला होता पेटीत."

मी पाटीकडे बोट दाखवलं. निलेशने मोठ्याने वाचली. वच्छलाबाईंचा चेहरा उतरला, पण माझा नियम म्हणजे नियम. चाकू मी रुमालात बांधून परत दिला. ती दोघं गेल्यावर भाऊजी आगीकडे बघतच म्हणाले, "लग्नतिथीचं काम वापस करून राहिल्या वहिनी. लय मोठी गिऱ्हाइकं वाढली वाटते आपल्याकडे."

चार दिवसांनी ती दोघं परत आली. या वेळी भाड्याच्या गाडीतून नामदेवकाकाही उतरले. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा. उजवा हात अंगाला चिकटलेला. निलेशने दंड धरला तर त्यांनी तो झटकला. बाकावर बसले, आणि मी काही बोलायच्या आत डावा हात पुढे केला. वच्छलाबाईंनी रुमाल सोडून चाकू त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो दातात धरून उघडला.

"हे कायले आणलं इथी?"

"सांगतलं नं," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोराच्या कट्यारीत घालाले. तुमची आठवण."

"आठवण?" त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द नीट कळत होते. "काहून? मी कोठी चाललो?"

भाऊजींनी भात्याचा पंखा बंद केला.

नामदेवकाकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते भाऊजींकडे वळले. कारागीर कोण ते त्यांनी ओळखलं होतं. "तुम्ही धार लावता का जी?"

"लावतो नं."

"मंग याची धार उलटी करून द्या."

मला कळेना. भाऊजींना कळलं. ते उठून जवळ आले आणि चाकू उजेडात धरला. मग मलाही दाखवला. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते. एक बाजू सपाट, दुसरी उतरती. सपाट बाजू लाकडाला लागून सरकते म्हणून पातं सालीखालून सरळ जातं. उजव्या हाताच्या माणसाची सपाट बाजू एकीकडे असते. तोच चाकू डाव्या हातात घेतला की उतरती बाजू लाकडाला लागते आणि पातं आत घुसतं.

"डाव्या हातानं सालीत चालत नाही," काका म्हणाले. "लाकडात शिरते. डोळा मरते."

"तुम्ही डाव्या हातानं करून पाह्यलं, बाबा?" निलेशने विचारलं. "कवा?"

"ओट्यावर बसून माशा मारून राहिलो का मी? मागच्या लिंबाच्या झाडावर करून पाह्यतो."

वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो माय! त्या लिंबाची साल तुम्ही सोलून राहिले होते? मी म्हणलं बकऱ्या खाते. शेजारणीले काय काय बोलली मी!"

"ऐकलं. गावानं ऐकलं."

"तवाच काहून नाही सांगतलं? अन् चाकू तं पेटीत होता!"

"किल्ली कोठी असते ते मले माहीत नाही का? घर माहं हाय."

मी हसले नाही, पण भाऊजी हसले, आणि ते फार क्वचित घडतं.

यानंतरचं काम सोपं वाटतं, तसं नव्हतं. पातं झिजून इतकं पातळ झालेलं की धार फिरवायची म्हणजे उरलेल्यातलंही घालवायचं. मशीनच्या दगडावर धरलं तर क्षणात निळं पडणार, पाणी उतरणार, मग ते पोलाद उरत नाही, पत्रा होतो. भाऊजींनी काकांना स्पष्ट सांगितलं, "बुवा, गेलं तं गेलं. दुसरं असं पोलाद आता भेटत नाही."

"पेटीत तं गेलंच होतं," काका म्हणाले.

वच्छलाबाई रिकाम्या रुमालाची घडी घालत बसल्या.

भाऊजींनी ओला दगड काढला आणि हातानेच घासायला बसले. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहायचं. दुपार गेली. मी चहा केला. शेवटी काका म्हणाले, "आणखी एक. मिटणं बंद करा याचं. दर वेळी दात लावा लागते." भाऊजींनी पातं उघड्या स्थितीत खिळा मारून पक्कं केलं.

आमच्या अंगणात कागदी लिंबाचं झाड आहे. मी एक फांदी कापून दिली. काकांनी ती दोन गुडघ्यांत धरली आणि डाव्या हाताने पातं टेकवलं. पहिला डोळा चिरडला. दुसऱ्याला मागे लाकूड आलं. फांदी फिरवून त्यांनी तिसरा धरला. या वेळी पातं सालीखालून पाण्यातून जावं तसं सरळ गेलं आणि डोळा सालीसकट सुटून चाकूवर आला. हिरवा, नखाएवढा. त्यांनी तो निलेशपुढे धरला.

निलेश म्हणाला, "पण बाबा, बांधाल कसं? बांधाले दोन हात लागते."

काकांनी डोळा जमिनीवर टाकला. "ते पाहू," ते म्हणाले.

मग कट्यारीचं काय? वच्छलाबाई हिरमुसल्या होत्या. लग्न जवळ आलेलं, आणि जी वस्तू घालायची तीच परत कामाला लागलेली. काकांनी थोडा विचार करून सांगितलं, "पहार हाय नं. पहिल्या बागेचे खड्डे तिनं खणले. तिचं टोक तोडून घ्या." आणि लगेच पुढे, "पहार वापस पाहिजे. टोक नवं लावून."

पहारीचं टोक उत्तम निघालं. पातं बनलं. मूठ त्याच बागेतल्या जुन्या झाडाची, ते लाकूड नशिबाने त्यांच्या कोठ्यात वर्षानुवर्षं वाळत पडलेलं होतं. राहिला प्रश्न चाकूचा. आता तो मिटत नव्हता, म्हणजे उघडं पातं ठेवायला जागा हवी. मी म्यानाच्या बाहेरच्या अंगाला चामड्याचं अस्तर लावून एक अरुंद खाच काढली, एका हाताने चाकू काढता-घालता येईल अशी, डावीकडे कललेली. मोठ्या पात्याशेजारी छोटं पातं. लग्नात म्यान निलेशच्या कमरेला असेल, दोन्ही सोबत राहतील, असं मी वच्छलाबाईंना पटवलं. आठवणीची आठवणही राहील आणि वस्तूही.

"लगन झालं की चाकू मले," काकांनी बजावलं.

"घ्या. तुमचाच आहे."

शेवटी माझा प्रश्न. लिंबू कोण काढणार?

"मी," काका म्हणाले. "अन् ते बजारातलं लिंबू नाही. जंबेरीचं लावजा."

वच्छलाबाईंनी हात जोडले. "अवो, ते केवढं मोठ्ठं असते! नवरदेवाच्या हातात कट्यार हाय का संत्रा, लोक विचारतीन."

"विचारू द्या. संत्रा त्याच्याच मुळावर उभा हाय."

त्यामुळे मला मुठीच्या बुडाला बैलाच्या जुन्या घंटेचं पितळ जादा ओतावं लागलं, नाहीतर एवढं मोठं फळ खोचल्यावर कट्यार पुढे झुकली असती. अशा गोष्टी गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. दिसू नयेत म्हणूनच करायच्या असतात.

मी गिऱ्हाइकांच्या लग्नांना जात नाही. गेलं की कोणीतरी कट्यार हातात देऊन म्हणतं, ताई, हे जरा हलून राहिलं. त्यामुळे जंबेरीवरून मांडवात काय चर्चा झाली ते मला माहीत नाही. एवढंच कळलं की काकण सुटल्याबरोबर काकांनी फळ काढलं, म्यानातून आपला चाकू उपसला, फळ चिरलं आणि बिया मोजून रुमालात घेतल्या.

आता या धंद्यातली एक खंत सांगते. आमचं काम झिजत नाही. सासऱ्यांनी शेवटलेले विळे झिजून परत यायचे, आणि विळा किती झिजला त्यावरून त्या घरी पीक कसं आलं ते त्यांना कळायचं. माझी कट्यार एक-दोन दिवस मिरवते आणि कपाटात जाते. आम्ही परत पॉलिश करून देतो, ते काय, धूळ पुसणं. भाऊजी एकदा म्हणाले होते, "आपण शोकेससाठी घाम गाळून राहिलो."

मधे दोन पावसाळे गेले. मागच्या थंडीत एक तरुण बाई स्कूटीवरून आली. हातांना माती, ओढणीला हिरवे डाग. तिने टेबलावर म्यान ठेवलं. मी माझं काम लगेच ओळखलं. तिला ओळखलं नाही.

"मी स्वाती. निलेशची बायको," ती म्हणाली. "हे ढिलं झालं जी. चाकू पडून जाते. परवा वाफ्यात पडला, आम्ही सारे शोधून राहिलो होतो."

मी मोठी कट्यार बाहेर काढली. टोकाला मी लावलेलं मेण, पात्यावर मी लावलेलं तेल. लग्नानंतर कोणी हात लावला नव्हता. मग बाजूची रिकामी खाच पाहिली. चामड्याचं अस्तर डाव्या अंगाने आरपार घासलेलं, कडा काळ्या पडलेल्या, आत संत्र्याच्या चिकाचा वास.

"हे रोज काढ-घाल करता?"

"मामाजी करतात, माहे सासरे. म्यान कमरेले बांधूनच जातात नर्सरीत, कट्यारीसकट. लोक म्हणतात, नामदेवबुवा रोज नवरदेव होऊन कलमा बांधाले चालले."

"आणि बांधतं कोण?"

ती जरा लाजली. "मीच. मामाजी डोळा बसवतात, मी पट्टी बांधतो. पयल्या साली दुसऱ्याईच्या रोपावर केलं, लय डोळे मेले. औंदा लग्नातल्या जंबेरीची रोपं तयार झाली, तं आता हात बसला." मग घाईने म्हणाली, "सासूबाई बी बसतात, पण त्या बोलतातच जास्त."

भाऊजी आगीपासून उठून आले. म्यान हातात घेऊन त्यांनी ते अस्तर बोटाने चाचपलं, परत चाचपलं, आणि माझ्यापुढे धरलं. "वहिनी, पहा. झिजलं."

त्या दिवशी माझ्यापुढे तीन कामं होती. एकाचा मुहूर्त परवाचा होता. मी स्वातीला म्हटलं, उद्या संध्याकाळी ये, अस्तर बदलून ठेवते.

"उद्या नाही जमत ताई," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "आजच द्या. मामाजी तिथी डोळे काढून बसले असतीन, अन् बांधाले कोणी नाही. सुकून जाते."

मी टेबलावरची बाकीची कामं बाजूला सारली आणि चामडं कापायला घेतलं. या वेळी जाड घेतलं.